रविवारची नथ

ब्रंच हा शब्द ज्यानं काढला, त्याला मला एकदा आमच्या हॉटेलच्या दारात उभं करायचं होतं. बाकी काही शिक्षा नको. रविवारी अकरा वाजता येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो शब्द त्यानं समजावून सांगायचा, एवढंच. मी हे काम निवृत्त होईपर्यंत केलं. आमच्या भागात तो शब्द अजून कुणालाही समजलेला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही शेवटी शेवटी समजेनासा झाला होता.

बेळगावच्या बाहेर, खानापूर रस्त्याला आमचं रेस्टॉरंट. समोर भाताची शेतं, भिंतींच्या जागी काचा, आणि खुर्च्या इतक्या जड की म्हाताऱ्या माणसाला बसवायला दोन वेटर लागायचे. मी तिथली मॅनेजर. मी बेळगावातल्याच अनगोळची. नोकरी सुरू केली ती खडेबाजारातल्या एका खानावळीच्या गल्ल्यावर. खानावळीत माणूस यायचा, बसायचा, जेवायचा, बडीशेप तोंडात टाकून जायचा. ‘हे नक्की काय आहे हो?’ असं मला तिथं कुणी विचारलं नाही. इथं पहिला प्रश्न तोच.

“नाष्टा आणि जेवण एकत्र,” आमच्या मालकांनी मला शिकवलेलं उत्तर मी द्यायची. “उशिरा उठणाऱ्या लोकांसाठी.”

आता आमच्या भागात उशिरा उठतो कोण? गिऱ्हाईक म्हणजे खानापूरकडची शेतकरी घरं. पोरगं बेंगळुरात नाहीतर पुण्यात कामाला लागलेलं, सुट्टीला आलं की सगळ्या घराला गाडीत घालून आमच्याकडे आणणार. ही मंडळी पहाटे उठून, गोठा आवरून, भाकरी खाऊन येणार. एका घरानं तर सगळ्यांवर कडी केली. अकरा वाजता उप्पीट, डोसा, शिरा असं सगळं व्यवस्थित खाल्लं. हात धुतले. आणि मग टेबल न सोडता नुसते बसून राहिले. बाहेर रांग. मी जाऊन नम्रपणे विचारलं, अजून काही हवं का?

“आता कुठं वो,” घरातले आजोबा म्हणाले, “आता नाष्टा झाला. जेवायला येळ हाय की अजून.”

दोन आजी बाहेर आंब्याखाली आडव्या झाल्या होत्या. दीड वाजता सगळे उठले आणि पुन्हा पहिल्यापासून ताटं घेऊन जेवले. त्यांचं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही. नाष्टा आणि जेवण, दोन्हीचं आमंत्रण आम्हीच दिलं होतं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगते. आमच्या धंद्यात ‘टेबल फिरणं’ म्हणतात. एक घर उठलं, की पाच मिनिटांत टेबल पुसून दुसरं घर बसलं पाहिजे. रविवारचं गणित सगळं त्यावर. मांडलेलं जेवण गरम राहावं म्हणून भांड्यांच्या खाली पाण्याच्या थाळ्या आणि त्याखाली बारीक ज्योत असते. त्यातला पास्ता तीन तास त्या वाफेवर बसला की त्याचं काय होतं ते मी लिहीत नाही, दिवाळीचे दिवस आहेत. टेबलं फिरली तरच जेवण ताजं राहतं. आणि आमच्याकडे माणूस जेवायच्या जागेवरून उठवणं हे पाप समजतात. मग करा मॅनेजरी!

निपाणीकडचं एक जैन व्यापाऱ्यांचं घर महिन्यातून एकदा यायचं. भली माणसं, आवाज म्हणून नाही. पण ऑम्लेटचा तवा डोशाच्या तव्यापासून किती लांब आहे, हे त्या घरातले थोरले अण्णा स्वतः जाऊन बघायचे. त्यावर समाधान झालं, की धाकट्या भावाला डोशापाशी उभं करायचे. डोशाचा झारा चुकूनसुद्धा पलीकडे जाऊ नये म्हणून पहारा. धाकटे आमच्या आचाऱ्याशी कानडीत गप्पा मारत, माझ्याकडे बघून मराठीत ओशाळं हसत, घरातल्या सगळ्यांचे डोसे होईपर्यंत तिथंच उभे. “आक्का, तुमच्यावर इस्वास हाय वो,” ते म्हणायचे, “झाऱ्यावर न्हाय.” माझ्या कोटावर इंग्रजीत मॅनेजर अशी पट्टी होती. ती कुणी वाचल्याचं आठवत नाही. गिऱ्हाइकांची मी आक्काच.

एवढ्या सगळ्या भानगडीत एकच गोष्ट बिनबोभाट चालायची, ती म्हणजे चुलीचा काउंटर. शेजारच्या गावातल्या तीन बायका दालनाच्या कोपऱ्यात चुलीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जोंधळ्याच्या भाकऱ्या करायच्या. शहरातली माणसं तिथून हलायची नाहीत. पास्ता तसाच राहायचा, भाकरीला रांग.

कल्पना मालकांची होती, त्यामुळे तिला पोशाखही मालकांचाच. हिरवी नऊवारी, अंबाडा, गजरा, चंद्रकोर आणि भलीमोठी नथ. घरी चुलीपुढे कुठली बाई नथ घालून बसते, हे मी विचारून पाहिलं. “फोटो, मॅडम, फोटो,” मालक म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त फोटो दिसायचा.

तिघींत शांताबाईंचा हात सगळ्यात चांगला. त्यांची भाकरी तव्यावर पडायची तेव्हा आवाज यायचा नाही. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर त्यांच्या या नोकरीवर चाललं होतं. आणि त्यांनी नथ घालायची, चंद्रकोर लावायची! मी मालकांना सांगितलं की शांताबाईंना यातून सोडा. ते म्हणाले, मग तीन बायकांत एक वेगळी दिसेल, त्यापेक्षा दुसरी बाई बघा. मी चांगलीच भांडले. शेवटी शांताबाईच केबिनमध्ये आल्या.

“मॅडम, तुमी वाद घालू नकासा. दाबायची नथ हाय, टोचायची न्हाय. जेवणं होईस्तवर घालीन, काढून ठिवीन. पण नंदगडला कळाया नको.”

नंदगडला त्यांची लेक दिलेली, रेखा. नवीनच लग्न. सासरचं घर मोठं, जुन्या वळणाचं. आणि रेखानं तिकडे सांगून ठेवलेलं, की आई हॉटेलात स्वयंपाकावर देखरेख करते. चुलीपुढे बसते असं नाही, आणि नथीचा तर प्रश्नच नाही. विधवा विहीण नट्टापट्टा करून लोकांपुढे बसते, हे तिथं कळलं असतं तर शांताबाईंना कुणी काही बोललं नसतं. रेखाला मात्र जन्मभर उठता बसता ऐकावं लागलं असतं.

तेव्हापासून दर रविवारी शांताबाई माझ्या केबिनमध्ये येऊन नथ घालायच्या. केबिनमध्ये आरसा होता. त्याच्याकडे पाठ करून, बोटांनी चाचपत घालायच्या. जाताना स्टीलच्या डबीत ठेवून डबी माझ्या खणात सरकवायच्या. मला त्या डबीचा राग यायचा.

आणि मग तो रविवार आला.

हॉटेल भरलेलं, बेंगळुराहून मालकांचे पाहुणे आलेले, वेटर दोन कमी. दारात एक गाडी थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. पुढे फेटा बांधलेले उंच आप्पा, मागे इरकलीतल्या, जोंधळी मण्यांची माळ घातलेल्या त्यांच्या मंडळी, मग पोरंसोरं, आणि सगळ्यांत मागे शर्टाची बाही दुमडलेला तरणा मुलगा आणि त्याची नवी बायको. ती नवी बायको माझ्याकडे अशी काही बघत होती, की मला वाटलं हिला गाडी लागली असेल.

“रामराम,” आप्पा मला म्हणाले. “आमी नंदगडचं. आमच्या विहीणबाई हितं असत्यात न्हवं? शांताबाई. कामात असतील तर ऱ्हाऊ दे. सवडीनं सांगा, पाव्हणं आल्यात म्हणून.”

म्हणजे मागची ती नवी बायको रेखा होती. कोपऱ्यात, आप्पांच्या पाठीमागे थोड्याच अंतरावर, विहीणबाई नथ घालून भाकरी थापत होत्या.

मी त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात, खांबाआड बसवलं. तिथं ऊन येत होतं. आप्पा म्हणाले आत जागा दिसते की. मी म्हटलं, इथून शेतं छान दिसतात. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. “शेतं बघायला कशाला आलो असतो वो हितवर?”

त्यातही निभावलं असतं. पण वाऱ्यावर भाकरीचा वास आला. आप्पांच्या मंडळी, पार्वतीबाई, उठल्या. “भाकरी हाय वाटतं. ताजी हाय. बघून येते.” मी आडवी गेले. म्हटलं, बसा, मी पाठवते. त्या मला वळसा घालून गेल्या. मी मागे. रेखा खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच राहिली.

पार्वतीबाई रांगेत थांबल्या नाहीत. रांग म्हणजे काय हे त्यांच्या गावीही नव्हतं. सरळ चुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. शांताबाईंनी मान वर केली.

त्यांचा हात एकदम नाकाकडे गेला. पिठानं भरलेला हात, नथ काढायला. चंद्रकोर, गजरा सगळं विसरून आधी नथ. आणि पार्वतीबाईंनी खाली वाकून तो हात मनगटाशी धरला.

“ऱ्हाऊ दे की,” त्या म्हणाल्या. “कशाला काढता? चांगली दिसती.”

रांगेतल्या एका बाईनं मोबाईल वर धरला होता, ती मला म्हणाली, “एक्स्क्यूज मी, ह्या मधेच घुसल्यात.” मी त्या बाईला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बरं नसणार.

एवढ्यात मागून आप्पाही आले. त्यांनी क्षणभर बघितलं, घसा साफ केला आणि नथीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती.

“विहीणबाई चुलीम्होरं आन् आमी बसून जेवायचं? ह्ये कुठलं वो? उठा. चला आमच्यासंगं जेवायला.”

“काम हाय माझं,” शांताबाई खाली बघून म्हणाल्या. “सोडून कशी येऊ?”

“बरं. मग आमी थांबतो.”

आप्पा वळले, व्हरांड्यात जाऊन बसले आणि समोरचं ताट पालथं घातलं. ते बघून अख्ख्या घरानं एकेक करून ताटं पालथी घातली. हात गुडघ्यावर ठेवून सगळे शेतं बघत बसले.

बाहेर रांग, आत मालकांचे पाहुणे, आणि एक पूर्ण घर उपाशी बसलेलं. माझ्याच हॉटेलात, ब्रंचला! मी शांताबाईंना म्हटलं, जा, जेवून या. आता कामगारांनी गिऱ्हाईकांसमोर बसून खायचं नाही हा नियम मीच केलेला होता. तो चांगला नियम आहे असं मला आजही वाटतं. पण शांताबाई माझ्यापेक्षा नियमाच्या पक्क्या निघाल्या.

“रांग बघा केवढी हाय, मॅडम. आज पाव्हणं आले म्हणून उठले, तर मालक उद्या म्हणतील, असली बाई नको. मग मी काय खाऊ?”

तिकडे आप्पा मानाला अडलेले, इकडे शांताबाई कामाला अडलेल्या, आणि दोघांच्या मध्ये मी, हातात वायरलेस घेऊन. दोघांतलं कुणीच चुकत नव्हतं. हाच तर वैताग होता.

सोडवलं पार्वतीबाईंनी. त्या एवढा वेळ तिथंच उभ्या होत्या. त्यांनी इरकलीचा पदर खोचला आणि वळसा घालून चुलीच्या मागे गेल्या.

“सरा जरा,” त्या शांताबाईंना म्हणाल्या. “मला काय भाकरी येत न्हाय व्हय? तुमी जावा, जेवा. तुमी येईस्तवर मी थापते.”

“अवो, विहीणबाई—”

“उठा म्हणते न्हवं. तवा तापलाय.”

आणि त्या बसल्याच. पीठ ओढलं, पाण्याचा हात लावला. बाजूच्या दोघी तोंडावर हात ठेवून बघत होत्या. शांताबाई पिठाचे हात तसेच पुढे धरून उभ्या. त्यांना मीच खांद्याला धरून व्हरांड्याकडे वळवलं. आणि त्याच वेळी मालक माझ्या कानाशी येऊन कुजबुजले.

“मॅडम, त्या मधल्या बाईला नथ का नाही? युनिफॉर्म कुठाय?”

“त्या गिऱ्हाईक आहेत,” मी म्हटलं.

“मग चुलीवर काय करतायत?”

“भाकऱ्या.”

“आणि शांताबाई?”

“त्या जेवतायत.”

मालकांनी व्हरांड्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, आणि माझ्याकडे तर असं बघितलं, की राजीनामा खिशात असता तर मी तिथंच दिला असता. पण बेंगळुरचे पाहुणे चुलीभोवती जमले होते. पार्वतीबाईंच्या भाकऱ्या शेतावर न्यायच्या भाकऱ्या, चांगल्या जाड. मोबाईलवाल्या बाईनं विचारलं, थोडी पातळ मिळेल का? पार्वतीबाई वर न बघता म्हणाल्या, “पातळ लई खाल्लासा आजवर. आता जाड खावा.” बाईनं खाल्ली. वर दुसरी मागून घेतली.

व्हरांड्यात ताटं सुलटी झाली होती. शांताबाई आप्पांच्या समोर, रेखाच्या शेजारी बसल्या होत्या. नथ तशीच. ज्यांनी मोठी नथ घालून जेवलेलं नाही त्यांना सांगते, एका हातानं ती वर धरावी लागते, नाहीतर प्रत्येक घास तिच्यावर अडतो. शांताबाईंना ते जमेना. डाव्या हाताला अजून पीठ होतं. रेखा आई येऊन बसल्यापासून खाली मान घालून होती. तिनं हळूच हात पुढे केला, आईची नथ दोन बोटांनी वर धरली आणि आईचं जेवण होईपर्यंत धरून ठेवली. मी तोंड फिरवलं तर समोर पास्त्याखालची ज्योत विझलेली. ती लावायला गेले.

जाताना आप्पा मला म्हणाले, “जेवण बरं हाय तुमचं. पण ताट घिऊन उभं ऱ्हायाचं काय पटलं न्हाय.”

संध्याकाळी मी मालकांशी शेवटचं भांडायचं ठरवून त्यांच्या केबिनमध्ये गेले. भांडण झालंच नाही. पाहुण्यांनी इरकलीतल्या पार्वतीबाईंचे फोटो सगळीकडे पाठवले होते आणि मालक त्यावर खूश होते. “मॅडम, असलं ओरिजिनल पाहिजे. पुढच्या रविवारपासून नथ बंद. सगळ्यांना इरकल.” इतके दिवस मी डोकं फोडून जे मिळालं नाही, ते एका फोटोनं मिळालं. पण मिळालं. मी दुसऱ्याच दिवशी तिन्ही नथा, डबीसकट, शेजारच्या शाळेला स्नेहसंमेलनासाठी देऊन टाकल्या. लई दिवसांनी शांत झोप लागली.

पुढच्या रविवारी शांताबाई केबिनमध्ये आल्या आणि सवयीनं माझा खण उघडला.

“मॅडम, नथ कुठाय?”

मी मोठ्या दिमाखात सांगितलं, की आता नथ नाही. बंद झाली. मालकांनी मान्य केलं.

“मला इचारलं न्हाईसा,” त्या म्हणाल्या.

“अहो, तुमच्यासाठीच तर एवढे दिवस भांडत होते मी!”

“व्हय. ती मला नको होती तवा.” त्यांनी खण हळूच लावला. “पण आता माझ्या विहिणीनं बघितलीया ती. ऱ्हाऊ दे म्हणाल्या. चांगली दिसती म्हणाल्या. आता म्या काढली, तर त्यास्नी वाटंल, त्यांचं बोलणं मला लागलं म्हणून.” आणि मग एकदम हळू आवाजात, “आन् मला बी वाटतंय, असावी.”

मी कपाळाला हात लावला. पंधरा मिनिटांत दार उघडायचं होतं. शाळा रविवारी बंद. मी ड्रायव्हरला खडेबाजारात पिटाळलं. रविवारचा अर्धा बाजार बंद, त्यानं फोन केला, मी ओरडले, कुठलंही दुकान उघडव म्हटलं, दाबायचीच आण म्हटलं, मोठी आण म्हटलं. नथ आली तेव्हा दारात रांग लागलेली होती, डोशापाशी निपाणीचे अण्णा पहारा लावत होते आणि चुलीपुढची मधली जागा रिकामी होती.

नथ घेऊन शांताबाई केबिनमध्ये गेल्या. मला वाटलं, नेहमीसारख्या पाठ करून, चाचपत घालतील, मिनिटभराचं काम. त्या बाहेर येईनात. रांगेतली माणसं भाकरी कुठाय विचारायला लागली. मी जाऊन दार ढकललं. शांताबाई आरशासमोर उभ्या होत्या. मान जरा इकडे, जरा तिकडे करून बघत होत्या.

“शांताबाई, अहो गिऱ्हाईक थांबलंय!”

“थांबू दे की वो जरा,” त्या आरशातून मला म्हणाल्या, आणि हलल्या नाहीत.